मामांनी घडवलेला तिरका दात

माणसाला चेहऱ्यावरून न ओळखता दातांवरून ओळखणारा गृहस्थ साऱ्या कोल्हापुरात एकच झाला असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मामा आधी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत साचेकाम करायचे. पुढे तिथला धूर छातीला सोसेना, तेव्हा त्यांनी घराच्या मागच्या खोलीत दात घडवायला घेतले. दातांचे डॉक्टर जबड्याचा ठसा पाठवायचे. मामा त्यावरून मेणाचा दात कोरायचे, त्याच्या साच्यात धातू ओतायचे आणि वर दाताच्या रंगाचे पोर्सिलिनचे थर भाजायचे. "तिकडं पंप वतत हुतो, हिकडं दाढ. भट्टी ती भट्टीच की!" म्हणायचे. पंगतीत मामा शेजारी आले की माणसं तोंड फिरवून जिलेबी खात, कारण मामांचं लक्ष स्वतःच्या पानाकडे कधीच नसे. एकदा बिद्रीच्या एसटीत त्यांनी एका अनोळखी, दांडग्या पैलवानाला "पावणं, वाईच आ करा बघू," म्हटलं. पैलवान बाह्या सरसावून उठला आणि मामांचा काळजीचा चेहरा बघून गुमान आ करून बसला. "मूळ शाबूत हाय तवर टोपी बसवून घ्या," मामा म्हणाले. "दात मुळासकट गेला की पूल बांधाय लागतोय, आन् त्याला दोन्ही काठ पक्कं लागत्यात." कंडक्टरने तिकिटं थांबवून स्वतःचीही दाढ दाखवून घेतली.

हे सगळं मी हसण्यावारी नेत होतो, तोवर पाळी माझ्यावरच आली. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी शाळेत मराठी शिकवायचो. राधानगरीहून येताना मोपेड घसरली आणि समोरचा एक दात मुळासकट गेला. मास्तरचं सगळं भांडवल तोंडात! कविता वाचायला लागलो तर शब्दाआधी वारा बाहेर पडे आणि वर्ग फिदीफिदी हसे. मग मी वर्गाकडे पाठ करून सगळं फळ्यावर लिहू लागलो. घरीसुद्धा तोंडावर हात धरून बोलायचो. नोकरी सोडावी असं खरंच मनात यायला लागलं होतं.

डॉक्टरांनी पूलच सांगितला: शेजारचे दोन दात तासून त्यांवर टोप्या, आणि त्या दोघांच्या आधाराने मधे नवा दात. काम अर्थातच मामांकडे गेलं. माझा गेलेला दात जन्माचा तिरका. मी संधी साधली. "मामा, आता जरा सरळ, देखणा करा की." मामांनी आमच्या लग्नाचा अल्बम काढून माझ्या फोटोवर भिंग धरलं. "न्हाय. ह्यो तिरका हुता, तिरकाच हुणार. सरळ केला तर पोरं म्हणतील, दुसराच मास्तर आलाय." रंग जुळेना म्हणून त्यांनी मला तीन वेळा भर उन्हात गच्चीवर आ करून उभं केलं. तिसऱ्या वेळी शेजारणीने बायकोला हळूच विचारलं, "कसला नवस बोललाय हो यांनी?"

दात बसला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वर्गाकडे तोंड करून कविता म्हटली. कोणी हसलं नाही. मागच्या बाकावरची एक मुलगी एवढंच म्हणाली, "सर, म्हंजे दात पडलाच न्हवता व्हय?" त्या दिवशी मी मधल्या सुट्टीत एकटाच बसून रडलो. पण मामांचे आभार मानले नाहीत. घरच्या माणसाचे आभार काय मानायचे, असं आपण म्हणतो आणि राहून जातं.

पुढे काही वर्षांनी मामांना विसर पडायला लागला. एकदा आम्ही भेटायला गेलो. माझी बायको, म्हणजे त्यांची सख्खी भाची, समोर बसली तर तिलाही त्यांनी "कुठनं आला बाई?" विचारलं. माझ्याकडे वळून म्हणाले, "पावणं कोण गावचं?" मी नुसता हसलो. मामा पुढे सरकले. "आ करा बघू." त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड खिडकीच्या उजेडाकडे वळवलं आणि त्या तिरक्या दातावरून बोट फिरवलं. "ह्यो माझा हाय," ते माझ्या बायकोला म्हणाले. "मास्तरचा. मास्तर, शिकवताय न्हवं अजून?"

हनुवटी त्यांच्या हातात होती, त्यामुळे आभार त्याही दिवशी राहिलेच. मी आ केल्या तोंडाने नुसती मान हलवत राहिलो.