माठाच्या वाफ्यातला देव

आमच्या बिल्डिंगच्या मागची भिंत ते नाला एवढी जागा सोसायटीत कुणालाच नको होती, म्हणून ती आमच्या गळ्यात पडली. ऐंशीच्या दशकातली कळंबोली ती. लोखंडबाजार नुकता बसत होता आणि बिल्डिंगा इतक्या नव्या की जिन्यात अजून चुन्याचा वास यायचा. कंत्राटदार आपला सगळा कचरा मागच्या जागेत टाकून निघून गेला होता. फुटक्या लाद्या, वाकड्या सळया आणि त्यावर पुरुषभर उंच रान. घाणेरी, एरंड, टाकळा, सगळे गुण्यागोविंदाने नांदत होते. वरच्या मजल्यावरून बघितलं तर हिरवंगार दिसायचं. ते वरूनच बघण्यासारखं होतं.

गणपती झाल्यावर सोसायटीची मीटिंग झाली. सेक्रेटरी म्हणाले, "ज्याला भाजीपाला लावायचाय त्याने दसऱ्यापर्यंत जागा साफ करून दाखवायची. नायतर आपण स्कूटरचं पार्किंग करू." सगळी सभा पंख्याकडे बघत बसली. तेवढ्यात एक हात वर गेला आणि तो माझ्या नवऱ्याचा आहे हे बघून मला घाम फुटला. बँकेतला माणूस. घरात खिळा ठोकायचा तर आधी भिंतीची माफी मागणारा.

कारण मला माहीत होतं. कारण घरी गॅलरीत बसलेलं होतं, म्हणजे माझ्या सासूबाई. सासरे गेल्यावर मालवणाकडच्या घरात त्या एकट्या राहायच्या. त्या वर्षी विहिरीवर पाय घसरून पडल्या आणि दुपारपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. हे जाऊन त्यांना घेऊन आले, पण आमच्याकडे त्यांचा जीवच रमेना. डालड्याच्या डब्यात मिरची लावायच्या, ती वीतभर वाढून मान टाकायची. जेवण चिमणीएवढं. बोलणं एकच, "दसरो झालो की माका गावाक पोचव." मी साताऱ्याकडची, तोंडाची फटकळ, पण हे वाक्य ऐकलं की मी विषय बदलायची. पुन्हा पडल्या आणि कुणी आलंच नाही तर?

तर रविवारी सकाळी आम्ही कोयता, कुदळ आणि पँटचे पाय मोज्यात खोचलेले हे, असे मागे जाऊन उभे राहिलो. मी पहिला घाव घालणार, तोच आई जिना उतरून आल्या. त्या स्वतःहून खाली आल्या ती ही पहिलीच वेळ.

"आदी नारळ, मगे कोयतो," त्या म्हणाल्या. "विचारल्याशिवाय कोणाच्या जाग्यात शिरतत काय गो?"

त्यांच्या गावी प्रत्येक जागेला राखणदार असतो. तो दिसत नाही, पण त्याला न विचारता जमीन उकरली तर तो चांगलाच दिसतो म्हणे. त्याला बसायला दगड हवा होता. आमच्याकडे सगळा माल कंत्राटदाराचा. शेवटी पावसात भिजून पोत्यातच घट्ट झालेला सिमेंटचा एक गोळा सापडला. मी म्हटलं, "आई, हे सिमेंट आहे." त्या म्हणाल्या, "असांदे. तेका बसूक पुरे." त्यांनी गोळा धुतला, कुंकू लावलं, जास्वंद वाहिली, नारळ फोडला आणि पुटपुटून परवानगी घेतली. ती मिळाली असावी, कारण पुढे एक भलीमोठी धामण निघाली ती ह्यांना न चावता निघून गेली. हे मात्र तिच्या उलट दिशेला, तिच्यापेक्षा वेगाने गेले.

त्यानंतर रोज संध्याकाळी तोच उद्योग. गॅलऱ्यांमधून सल्ले यायचे, मदत एकदाही आली नाही. ह्यांच्या हाताला फोड आले, तर बँकेत म्हणे लोकांनी चौकशीला रांग लावली. घाणेरीने माझ्या दोन साड्या खाल्ल्या. पण आई खाली बसून माती चाळायच्या, खडे वेचायच्या, आणि रात्री दोन भाकऱ्या मागून घ्यायच्या. वाफे तयार झाले तेव्हा त्यांनी कनवटीची पुरचुंडी सोडली. लाल माठ, मुळा, चवळी. गावाहून येताना आणलेलं बियाणं होतं ते, आणि इतके दिवस त्यांनी कुणाला दाखवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर माठाच्या वाफ्यातल्या सिमेंटच्या गोळ्यावर झेंडूचा ताजा हार.

आम्ही तो घातला नव्हता. मग उदबत्त्या आल्या. मंगळवारी कुणीतरी शेंदूर लावून गेलं. पोत्याच्या विणीचे ठसे गोळ्यावर उमटले होते, ते पहिल्या मजल्यावरच्या काकूंना नागाची खवलं वाटली. तिसऱ्या मजल्याला त्यात सोंड दिसली. लोखंडबाजारातले ट्रकवाले लांबच्या फेरीला निघण्याआधी नारळ ठेवून जाऊ लागले, आणि ठेवायला सोयीचं म्हणून मुळ्याच्या वाफ्यात ठेवू लागले. मी एकदोघांना म्हटलं, अहो, सिमेंट आहे ते. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच पुढे हात जोडले.

सेक्रेटरी तर हरखूनच गेले. "जागृत स्थान हाय, वहिनी! दसऱ्याला भूमिपूजन. खाली लादी, वर छोटा घुमट. तुमी साफ केलंय ते प्रदक्षिणेला फर्स्टक्लास होईल."

"आणि भाजी?"

"भाजीवाली दारात येते ना! टेन्शन कशाला घेता?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पार्किंगशी मी भांडले असते, पण देवाशी कोण भांडणार? हे म्हणाले, आपण लेखी अर्ज देऊ. आईंनी खाली जाणं बंद केलं आणि आपली लुगडी घड्या घालून ट्रंकेत भरायला घेतली. ते बघून मला चक्क रडू आलं.

दसऱ्याला सगळी बिल्डिंग मागे जमली. लाद्यांचा ढीग येऊन पडला होता. गुरुजींना उशीर झाला होता आणि सेक्रेटरी घड्याळ बघत होते. तेवढ्यात आई आल्या, काठापदराचं लुगडं नेसून, हातात नारळ.

"गुरुजी येईसर मी गाऱ्हाणां घालतंय," त्या म्हणाल्या. म्हातारीला नाही कोण म्हणणार?

गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे घातलेलं साकडं. ते एकाने घालायचं आणि प्रत्येक वाक्यावर बाकीच्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं, अशी कोकणची रीत. आमची अर्धी बिल्डिंग कोकणातली. उरलेली अर्धी त्यांच्या मागून म्हणणारी.

आईंचा इतका मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "बा राखणदारा, म्हाराजा! ही तुजी लेकरां तुज्या पायाकडे गोळा झाली आसत, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"तू उघड्यार बसणारो. तुका छप्पर नको, लादी नको, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज सेक्रेटरींचा.

"ह्या मातीत जो कोण भाजी पिकयत तेका यश दी, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आनि जो कोण तुज्या मातयेर लादी घालीत," इथे त्यांनी नारळ वर उचलला आणि सावकाश सगळ्यांकडे बघितलं, "तेचो निवाडो तूच कर, म्हाराजा!"

"होय म्हा..." सेक्रेटरींचा 'राजा' घशातच राहिला. पण बाकीच्यांनी तो पूर्ण केला, आणि नारळ खाडकन फुटला.

पहिल्या मजल्यावरच्या काकू हळूच म्हणाल्या, "देवापुढे हो म्हणून बसलोय सगळे." लाद्या त्याच दिवशी जिन्याखाली गेल्या. पुढे त्या पाण्याच्या टाकीभोवती लागल्या.

संध्याकाळी आई वाफ्यात उकिडव्या बसून तुडवलेली मुळ्याची रोपं सरळ करत होत्या. मी शेजारी बसले आणि विचारलं, "आई, राखणदाराला खरंच छप्पर चालत नाही?"

त्यांनी मान वर केली नाही. "माका काय म्हायत गो? तो खंय माझ्याशी बोलता!" एका रोपाच्या बुडाशी त्यांनी माती दाबली. "माका हयच ऱ्हवाचा हुता. पण नुसता बसान कसा ऱ्हवाचा?"