पाचवं उत्तर मागच्या बाजूला

विद्यापीठाच्या मागच्या फाटकाला लागून बाइंडिंगचं दुकान आहे. दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की भरतं. आत काकू, काका, एक कटिंग मशीन, खळीचं पातेलं आणि भिंतीला टेकून उभे असलेले प्रबंध. गेल्या बावीस वर्षांत इथे जो कोणी पीएचडी झाला, त्याच्या प्रबंधाची पाठ बहुधा काकूंनीच चिकटवलेली असते.

बांधण्याआधी पानांचा क्रम तपासायची काकूंची रीत वेगळी. आकड्यांवर त्यांचा विश्वास नाही. पानाची शेवटची ओळ वाचायची, पुढच्याची पहिली वाचायची, आणि वाक्य जुळलं की पान पालथं घालायचं. अशी हजारो पानं त्यांनी वाचली, पण कडेकडेने. दारात उभं राहून आतलं बोलणं कानावर पडावं, तेवढीच.

एकदा प्राणिशास्त्राचा प्रबंध आला. एका पानाच्या तळाशी ओळ होती, ‘हजारो किलोमीटर उडून ही बदकं त्याच तळ्यावर परत येतात, कारण’. आणि पुढच्या पानावर नुसता तक्ता. काकूंनी फोन लावला. संशोधक म्हणाला, “तक्ता मध्ये आलाय. वाक्य त्याच्या पुढच्या पानावर आहे. बांधा खुशाल.”

काकूंनी ते पुढचं पान काढलं. वाक्य जुळलं, पण कळलं नाही. त्यातले निम्मे शब्द त्यांच्या ओळखीचे नव्हते. प्रबंध बांधून झाला, नेलाही, पण ते ‘कारण’ काकूंच्या डोक्यातून जाईना. शेवटी त्या विद्यापीठाच्या खिडकीवर जाऊन पक्ष्यांच्या विषयासाठी बिगर-पदवी विद्यार्थ्याचा अर्ज घेऊन आल्या.

“पदवी नाही मिळणार?” काकांनी विचारलं.

“नाही.”

“नोकरी?”

“एक्कावन्नाव्या वर्षी मला कोण ठेवतंय?”

“मग मिळणार काय?”

“शिकायला मिळणार.”

“म्हणजे पैसे भरून डोक्याला ताप,” काका म्हणाले. पण मंगळवारी आणि गुरुवारी तीन ते पाच दुकान त्यांनी एकट्याने सांभाळलं. त्या दोन दिवसांत बांधलेल्या प्रबंधांची नावं जराशी तिरकी असत.

आम्ही साहित्याच्या तिघी त्या वर्गात होतो, कारण दुसऱ्या विभागाचा एक विषय घेणं सक्तीचं होतं. पक्ष्यांचा विषय सोपा असेल, असं कोणीतरी सांगितलं होतं. काकू पहिल्या बाकावर, स्वतः शिवलेली वही घेऊन बसत. मॅडमनी काही सांगितलं की त्या हमखास विचारत, “हे मोजलं कोणी?” एकदा म्हणाल्या, “पिल्लाला भरवायचं, हे पक्ष्याला कळतं, की त्याच्याकडून आपोआप होतं?”

मॅडम म्हणाल्या, “यावर अजून भांडणं चालू आहेत.”

“म्हणजे कोणालाच माहीत नाही?” काकूंचा चेहरा असा उजळला, की आम्ही तिघींनी नकळत वह्या उघडल्या.

विषयाचे दोन भाग होते. स्थलांतर, म्हणजे काकूंची बदकं, दुसऱ्या भागात. नेहमीच्या विद्यार्थ्यांना तिथे जायला चाळीस गुण पुरत. बिगर-पदवीवाल्यांना पन्नास लागत.

परीक्षेचा निकाल लागला. आम्ही तिघी पास. काकूंना चव्वेचाळीस.

दुपारी दुकानात गेलो, तेव्हा त्या मान खाली घालून पुठ्ठ्याला कापड लावत होत्या. “असू दे ग,” त्या म्हणाल्या. “वीस गुणांचा पाचवा प्रश्न मला वाटलं होतं तसा जमला नसेल. घरट्यांवरचा.”

माझी मैत्रीण म्हणाली, “काकू, घरटी तर तुम्ही आम्हाला शिकवली होतीत. किती पानं लिहिलं?”

“चार. मागच्या बाजूला.”

“मागच्या बाजूला म्हणजे?”

मग सगळा उलगडा झाला. प्रबंध एकाच बाजूला छापतात. मागची बाजू कोरी, हीच बावीस वर्षांची शिस्त. काकूंनी उत्तरपत्रिकाही तशीच लिहिली, डावीकडे शिवणीसाठी दीड इंच जागा सोडून. चार उत्तरांत पानं संपली. पर्यवेक्षक पुरवणी घेऊन आले, तर यांनी नको म्हटलं.

“का पण?”

“एका भोकात दोरा ओवून बांधलेलं सुटं पान,” काकू म्हणाल्या, “म्हणजे हरवायची तयारीच की. मी नाही त्याच्यावर भरवसा ठेवणार.” म्हणून पाचवं उत्तर त्यांनी शेवटच्या चार पानांच्या पाठींवर लिहिलं होतं.

मशीनमागून काका म्हणाले, “जगाची पानं लावते आणि स्वतःची उलटी.”

“मॅडमनी पाठ पाहिलीच नसणार,” मी म्हटलं. “चला, सांगू या.”

काकू जागच्या हलेनात. मॅडमची चूक मॅडमना दाखवायची, हे त्यांना पटेना. शिवाय चूक मॅडमची नव्हतीच, क्रम आपणच मोडला, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या भागाची नावनोंदणी पाच वाजता बंद होणार होती. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

काकांनी मशीन बंद केलं. “एखाद्याच्या प्रबंधात चार पानं उलटी लागली, तर तू त्याला सांगतेस की नाही?”

“सांगते.”

“मग ऊठ. हात धू आधी, खळ लागलीय.”

मॅडमनी कपाटातून उत्तरपत्रिका काढली. शेवटची पानं उलटली आणि खुर्चीत बसल्या. “पाचसहा पाठी कोऱ्या दिसल्या, मग मी पाठींकडे बघणंच सोडलं. शेवटच्या चार मात्र नजरेतून सुटल्या.” मग त्यांनी चारही पानं सावकाश वाचली. आम्ही दारात उभ्या, काकू भिंतीवरच्या घुबडाच्या चित्राकडे बघत. मधेच मॅडम हसल्या. “सुगरणीच्या घरट्याला तुम्ही कच्ची शिलाई म्हटलंय.”

“पहिले टाके तसेच असतात. नर आधी तेवढंच विणतो. मादीला पसंत पडलं तर पुढचं.”

“मी कधी असा विचार केला नव्हता,” मॅडम म्हणाल्या आणि पंधरा गुण लिहिले. एकोणसाठ. सही करून तो कागद त्या स्वतःच खिडकीवर घेऊन गेल्या. काकू त्यांच्यामागे जवळजवळ पळत होत्या.

दुसऱ्या भागाचा पहिला तास सकाळी सातला, तळ्याच्या काठावर होता. पाण्यावर बदकांचा मोठा थवा उतरला होता. मॅडम म्हणाल्या, “नुसत्या डोळ्यांनी मोजा.” आमचा प्रत्येकीचा आकडा वेगळा. कोणी शंभर, कोणी चारशे.

“दोनशे पंधरा,” काकू म्हणाल्या.

मॅडमनी आधीच दुर्बिणीतून मोजून ठेवलं होतं. दोनशे अठरा. “कसं मोजलंत?”

“पाचपाचाच्या झुपक्यांनी. कागद असेच मोजतो आम्ही.”

मॅडमनी आम्हा सगळ्यांना वळवून काकूंकडे तोंड करून उभं केलं आणि स्वतःही येऊन आमच्यात उभ्या राहिल्या. काकू हात वर करून दाखवू लागल्या, इथून पाच, इथून पाच. तेवढ्यात अख्खा थवा उडाला.

“आता?” मॅडमनी विचारलं.

काकू मान वर करून बघत राहिल्या. “आता काही नाही,” त्या म्हणाल्या. “बसू दे त्यांना. मग पुन्हा पहिल्यापासून.”