खिदिरपूरचं पाणी

नाही, कालीघाट बघायला नव्हते गेले मी. सत्तरच्या दशकातली गोष्ट, साल आठवत नाही. सुषमाला सातवा लागलेला आणि जुलाब काही थांबेनात. जावयांची तार आली, तशी मी नागपूरहून हावडा मेल पकडली.

जाणार असाल तर दशम्या बांधून घ्या, गाडीतलं जेवण भिकार. तेव्हा हावडा स्टेशनाबाहेरच ट्राम मिळायची. एस्प्लनेडला बदलून खिदिरपूरला गेले. जावई तिथे गोदीत कस्टममध्ये.

सुषमानं गूळ-पाणी दिलं. पाणी गोड, गार.

"नळाचं दिसत नाही हे."

"गल्लीतल्या हातपंपाचं आहे, आई. हे नळाचं पिऊ देत नाहीत."

जावयांना कुठल्याशा जहाजावर इंग्रजी मासिक मिळालं होतं. म्हणाले, "नदीच्या पाण्यात पाला, घाण असते. त्यात क्लोरिन पडलं की क्लोरोफॉर्म होतो. त्यानं कॅन्सर होऊ शकतो, आई."

"आमच्या विहिरीत लाल औषध टाकतात. मेलो का आम्ही?"

"म्हणून तर पंपाचं आणतो. चौपदरी धोतरातून गाळतो."

"धोतरानं जंतू अडतात होय?"

सुषमा तिसऱ्यांदा संडासाकडे धावली.

सकाळी गल्लीतल्या डॉक्टरबाबूंना बोलावलं. त्यांनी तिच्या पापण्या ओढून पाहिल्या. "घाण पाण्यानं होते ती कावीळ नाही. या दिवसांत झाली असती तर आई आणि मूल, दोघंही हाती लागणं कठीण होतं."

"पण नळाच्या पाण्यातल्या क्लोरोफॉर्मनं कॅन्सर होतो, त्याचं?" जावयांनी विचारलंच.

"खरं असेलही. त्याला वर्षं लागतात. तुमच्या पंपाशेजारी उघडं गटार आहे, ते पंपात झिरपतं, आजारी पाडायला त्याचा एक पेला पुरतो." मग तिकडच्या भाषेत मावशी म्हणत माझ्याकडे वळले. "माशीमा, नळाचं घ्या, उघड्या पातेल्यात खळखळ उकळा. जंतू मरतील, तो क्लोरोफॉर्मही बराच उडेल."

उकळायला स्टोव्ह, आणि रॉकेलला ही रांग! जावई कामावर जायच्या आधी डबा घेऊन उभे राहायचे. मी म्हटलं, "मासिक न्या सोबत, वेळ जाईल." हसले नाहीत. पण उभे राहिले रोज.

सुषमाचे जुलाब थांबले. दिवस भरल्यावर मुलगी झाली, चांगली रडकी. बारसं करून मी परत निघाले. येताना एस्प्लनेडला एक तांताची, तिकडची हातमागाची सुती साडी घेतली, तेवढंच फिरणं.

मासिकातलं खोटं नव्हतं, असं आता शिकलेले लोक सांगतात. नसेल. त्या वेळी पोरीला गटार मारणार होतं, क्लोरिन नाही. मी घरी नळाचंच उकळून पिते, झाकण न ठेवता. किती प्यायल्यावर काय होतं, ते मला विचारू नका. ते शिकलेल्यांनी सांगावं.