माझ्या नायकाला नाव नव्हतं

मी प्रेमकथा लिहिते. हे कळलं की लोक आधी माझ्या चेहऱ्याकडे बघतात, मग कपाळावरच्या ठसठशीत कुंकवाकडे, आणि मग हळूच विचारतात, "म्हणजे स्वतःच्या अनुभवावरून का हो?" पूर्वी मी लाजायचे. आता ठणकावून सांगते, "हो तर! नवरा फौजेत, सासर कोरेगावजवळच्या खेड्यात, गोठ्यात म्हशी, अंगणात घेवड्याचा ढीग. प्रेमाला आणखी काय लागतं?" लोकांना ती चेष्टा वाटते. वाटू दे. माझी पहिली कादंबरी ह्याच सगळ्यातून निघाली, आणि ह्याच सगळ्यापायी ती छापायची राहत होती.

माझं माहेर साताऱ्यातलं, अगदी भर पेठेतलं. गल्लीच्या तोंडाशी एक वाचनालय होतं आणि तिथली प्रेमाची म्हणून जेवढी पुस्तकं होती तेवढी मी लग्नाआधीच फस्त केली होती. त्यातले नायक सगळे नुकतेच परदेशातून आलेले. नायिका पाचगणीच्या पठारावर पळायच्या, त्यांची ओढणी उडायची आणि ती नेमकी नायकाच्या तोंडावर जाऊन पडायची. अहो, पाचगणीला आम्हीही जायचो की! तिथल्या वाऱ्यात ओढणी उडाली तर ती थेट दरीत जाते, आणि पळायला गेलं तर घोड्यांची लीद चुकवावी लागते. एकदा असलंच एक पुस्तक परत करताना मी वैतागून म्हणाले, "ह्यापेक्षा मी बरं लिहीन." वाचनालयातल्या काकू म्हणाल्या, "मग लिही की. हाताला काय मेंदी लावलीये?" ते मला लागलं ते लागलंच.

मग लग्न झालं. नव्वदीच्या सुरुवातीची ती वर्षं. सुट्टी संपवून नवरा सीमेवर गेला आणि मी पेठेतली पोर खेड्यात सासू-सासऱ्यांजवळ राहिले. सुरुवातीला खूप रडले, खोटं कशाला बोलू. पण रडून रडून डोळे कोरडे झाल्यावर आजूबाजूला बघायला लागले, आणि काय सांगू, पुस्तकात कुठेच नव्हतं असलं प्रेम माझ्या डोळ्यांसमोर दिवसभर चालू होतं.

सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणायचं. सासूबाई मात्र आबाही म्हणायच्या नाहीत आणि नाव घेण्याचा तर प्रश्नच नव्हता. 'आवं' एवढंच, तेही घरात कुणी नसताना. आबा गोठ्यात असले आणि चहा झाला की त्या दारात यायच्या आणि म्हशीला म्हणायच्या, "काय गं, च्या निवतोय, कुनाचं ध्यान हाय का न्हाई?" म्हैस मान हलवायची आणि आबा हात धुवायला उठायचे. आबा लांब उसात असले तर ताटलीवर उलथनं वाजवायच्या. तो आवाज आबांना बरोबर कळायचा. शेजारच्या घरची ताटली वाजली तर ढिम्म हलायचे नाहीत. आणि आबा तरी काय कमी! ऊस तोडला की बुडख्याकडचं गोड कांडं सोलून, कुणी बघत नाही ना हे बघून, गुपचूप सासूबाईंच्या पाटीत टाकायचे. मी बघायचे.

माझं स्वतःचं प्रेम चालायचं ते गावातल्या एसटीडी बूथवर. रविवारी नवऱ्याचा फोन यायचा. बूथवाला नात्यानं माझा दीर, बाहेर बाकावर निम्मं गाव. नवरा तिकडून वाट्टेल ते बोलायचा आणि इकडून मी फक्त 'हं'. त्या 'हं'चे किती प्रकार असतात हे मला तिथे कळलं. रागाचा हं, लटक्या रागाचा हं, 'पुरे आता चावटपणा' असा हं, आणि 'एवढ्यात ठेवू नका' असा हं. तो हं मला कागदावर आणायचा होता.

म्हणून लिहायला बसले. चोरून नाही, सासूबाईंच्या देखत, दुपारची भांडी आवरल्यावर. त्या म्हणायच्या, "ल्ही बाई ल्ही, पर चुलीवर दूध हाय तेवढं बघ." आधी दिवाळी अंकांना कथा पाठवल्या. सगळ्या साभार परत. एका संपादकांचं म्हणणं पडलं की खेड्यातल्या गोष्टीत शृंगार शोभत नाही. वा रे वा! मग खेड्यात पोरं काय आभाळातून पडतात? माझ्या डोक्यात तिडीक गेली आणि त्या तिरीमिरीत मी आख्खी कादंबरी लिहून काढली. ती सांगलीच्या एका प्रकाशकांना पाठवली. ते वाचनालयांसाठी कादंबऱ्या छापायचे. त्यांचा निरोप आला, भेटायला या, बोलायचं आहे. नवरा नेमका सुट्टीवर आला होता. आम्ही दोघं कोरेगावहून पॅसेंजर गाडीनं सांगलीला गेलो. मी लग्नातला शालू नेसले होते, आता सांगायला हरकत नाही.

प्रकाशकांचं ऑफिस छापखान्याच्या माडीवर. खाली मशीन धडधडत होतं, वर शाईचा वास, आणि खिडकीतून येणारा बाजारातल्या हळदीचा. नवरा खाली बाकावर बसला. प्रकाशक तोंडभर हसून म्हणाले, "वहिनी, ते म्हशीचं प्रकरण वाचून मी एकटाच एवढा हसलो, की मशीनवरची माणसं वर बघायला आली." माझे पाय जमिनीवर राहिले नाहीत. तेवढ्यात ते म्हणाले, "फक्त एक सांगा. तुमच्या नायकाचं नाव काय?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

कप्पाळ माझं! आख्ख्या कादंबरीत मी नायकाला नावच दिलं नव्हतं. 'तो' होता, 'हे' होते, 'अहो' तर पानोपानी होतं. नाव म्हणून कुठे नव्हतंच, आणि ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. प्रकाशक म्हणाले, "मला वाटलं, एखादं पान गहाळ झालं. परत पहिल्यापासून बघितलं. नायकाला नाव नाही, सासऱ्याला नाव नाही, दिराला नाव नाही. म्हशीला मात्र आहे!"

"आमच्याकडे बायका घेत नाहीत नाव," मी फणकाऱ्यानं म्हणाले.

"नका घेऊ. पण शेवटी तरी तिला एकदा घेऊ द्या. आत्ता शेवटी ती काय म्हणते? 'आलात?' अहो वहिनी, 'आलात?' असं मलाही घरी रोज विचारतात. त्याला कुणी कादंबरी म्हणत नाही." मग हसू आवरून ते म्हणाले, "ती हाक खरी उतरली तर मी छापतो. नाही उतरली तर जिवावर येईल, पण साभार परत."

जिना उतरताना मला रडू येत होतं आणि रागही येत होता. स्टेशनवर गाडीत बसल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. तो हसत सुटला. "मग दे की नाव. त्यात काय एवढं?" म्हटलं, कुठलं देऊ? चांगली म्हणावीत अशी सगळी नावं आमच्या भावकीत वाटली गेलेली. हे थोरल्या दिरांचं, ते चुलतसासऱ्यांचं, तिसरं त्या बूथवाल्याचं. तिसरं ठेवलं असतं तर गावात तोंड दाखवायची सोय उरली नसती.

"माझं ठेव," तो म्हणाला.

"जीभ झडेल माझी."

"लग्नात घेतलं हुतंस की."

"ते उखाण्यात. उखाण्यातलं नाव म्हणजे लाडवातला बेदाणा. लाडवाबरोबर पोटात जातं, कळतसुद्धा नाही."

खरं कारण वेगळं होतं. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, असं सासूबाई सांगायच्या. माझा काही विश्वास नव्हता. पण नवरा सीमेवर असला की विश्वास नसलेल्या गोष्टीही बाई पाळते. प्रकाशक मागत होते ते एक नाव, आणि मला लिहिता येत नव्हतं तेही तेवढंच. कादंबरी बुडाली, असं मी मनाशी धरूनच चालले.

गाडी अजून सांगलीलाच क्रॉसिंगला थांबली होती. नवरा म्हणाला, "थांब, भडंग आणतो." सांगलीला येऊन भडंग न घेता गेलं तर सासूबाई दारात उभं करणार नाहीत, हे खरंच होतं. तो उतरला, फलाटाच्या पार टोकाच्या गाड्यावर गेला आणि आमच्याकडे पाठ करून भडंगवाल्याशी गप्पा मारायला लागला. फौजी माणूस, गप्पांना तोटा नाही. इकडे समोरून गाडी आली, गेली, आमच्या गाडीनं शिट्टी दिली आणि डबा हलला.

"अहो!" मी खिडकीतून ओरडले.

फलाटावर असतील नसतील तेवढे नवरे वळले. एक माझा सोडून.

"अहो! अहो, गाडी!" पुन्हा सगळे वळले. एकानं तर हातानं खूण करून विचारलं, मी का? आणि आमचे हे अजून शेंगदाणे जास्त टाकायला सांगतायत! डब्यानं वेग घेतला. पैसे त्याच्याकडे, तिकिटं त्याच्याकडे, परवा त्याची सुट्टी संपणार, आणि तो मागे मागे चाललेला. मला काही सुचेना. आणि मग माझ्या तोंडून ते गेलं. नुसतं नाव. पुढे राव नाही, मागे उखाणा नाही, चांगलं पोटातून, बेंबीच्या देठापासून.

तो वळला. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. घाबरला नव्हता तो. शाळेत बक्षिसाला नाव पुकारल्यावर पोराचा चेहरा होतो, तसा झाला होता. मग गाडी दिसली आणि जो काय पळत सुटला! एक पुडी खाली पडली, एक हातात राहिली, आणि गड्यानं शेवटचा दांडा पकडलाच.

डब्यात हा हशा. समोरची आजी तोंडाला पदर लावून म्हणाली, "बया बया! दाल्ल्याचं नाव घेतलं की गं पोरीनं!"

तिची शेजारीण म्हणाली, "घेतलं म्हनून तर गाडी गावली त्येला."

नवरा घामाघूम होऊन शेजारी बसला. मग कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाला, "परत एकदा म्हण की."

"गप बसा," मी म्हणाले. तो कराडपर्यंत एकटाच हसत भडंग खात होता. मी खिडकीबाहेर बघत होते, कारण मलाही हसू आवरत नव्हतं, आणि शेवटचं प्रकरण डोक्यात आपोआप उलगडत होतं.

ते मी एका बैठकीत लिहिलं. स्टेशन, भडंग, सगळं तसंच. नाव कुठलं ठेवलं? ज्यांना हवंय त्यांनी वाचनालयात जाऊन बघावं. आमच्या भावकीत ते एकालाच आहे. प्रकाशकांनी पुढच्या महिन्यात कळवलं, छापायला घेतोय. मी कागद हातात घेऊन गोठ्यात गेले आणि म्हशीच्या गळ्यात पडले. हसू नका, घरात तेव्हा दुसरं कुणी नव्हतं.

पुस्तक आलं तेव्हा नवरा पुन्हा ड्युटीवर होता. मुखपृष्ठावर सूट घातलेला एक गोरापान इसम आणि मागे तळं. आमच्या कथेत तळं नव्हतं, पाट होता. सासूबाईंनी निरखून बघितलं. "ह्यो कोन? आपल्याकडं ह्यो कवा आला हुता?" मग म्हणाल्या, "असू दे. वाच मला."

त्यांना वाचता येत नव्हतं आणि त्यांच्याच मुलाचं नाव शेवटच्या प्रकरणात मी ओरडून घेतलेलं. तो सीमेवर असताना! पण त्या ऐकतात थोडंच. अंगणात घेवड्याच्या शेंगा सोलता सोलता रोज दुपारी मी वाचायचे आणि त्या ऐकायच्या. म्हशीला चहाचं सांगतात ते आलं तेव्हा खुदकन हसल्या. "आगं बया, आमच्या घरात बसून आमच्याच खोड्या ल्हिती व्हय गं तू?" कांड्याचं आलं तेव्हा मात्र लाजल्या. इतक्या लाजल्या, की मलाच मान खाली घालावी लागली.

शेवटचं प्रकरण वाचताना माझा आवाज बारीक झाला. नाव आलं. मी घाईघाईनं पुढे गेले, तो पळाला, दांडा धरला, गाडीत आला, संपलं. सासूबाईंचे हात थांबले होते. मी म्हटलं, आता बोलणी बसणार.

"हे खरंच झालं व्हय?" त्यांनी विचारलं.

"हो."

"नावानं हाक मारली म्हनून त्यो परत आला?"

"हो, आत्याबाई."

मग त्यांनी मांडीवरच्या शेंगा बाजूला सारल्या, उठल्या, आत जाऊन चहा ठेवला. चहा झाल्यावर बाहेर आल्या. आबा उसाला पाणी पाजत होते, पाटाच्या पलीकडे. ताटली हाताशी होती, उलथनं हाताशी होतं. त्यांनी ते घेतलं नाही. अंगणाच्या कडेला उभ्या राहिल्या, पदर सारखा केला, आणि आबांचं नाव घेऊन हाक मारली. आधी हलकीच. मग मोठ्यानं.

उसातून आबा उभे राहिले. त्यांनी घराकडे बघितलंच नाही. त्यांनी रस्त्याकडे बघितलं, मग खालच्या मळवीच्या रानाकडे, मग वर गावाकडे. "कोन हाय?" ओरडले.

"आवं, मी हाय, मी!"

आबा खोरं तसंच टाकून चिखलाच्या पायांनी आले. चहाचा कप हातात घेतला, पण ओठाला लावला नाही.

"मला वाटलं, आय हाक मारतीया," म्हणाले. "ती गेल्यापास्नं ह्या नावानं कुनी बलवलंच न्हवतं मला."

सासूबाई म्हणाल्या, "च्या घ्या, निवतोय."

हे त्यांनी म्हशीकडे न बघता सांगितलं.