रेवणप्पांची तयार समाधी

साठी उलटली तशी रेवणप्पांनी संसारातून मन काढायचं ठरवलं. तेलाचं दुकान मुलाकडे दिलं, किल्ल्या सुनेकडे दिल्या, आणि मठात ऐकलेलं वैराग्य स्वतःकडे ठेवलं. अडचण एवढीच की वैराग्याला दिवसभर पुरेल असं काम नसतं. बसून बसून ते सुनेच्या फोडणीत लक्ष घालू लागले. तेव्हा उरलीसुरली ओढही तुटावी म्हणून त्यांनी अक्कलकोटच्या वाटेवरच्या आपल्या रानात जिवंतपणीच समाधी खणायला घेतली. लिंगायत रीतीत गेलेल्या माणसाला मांडी घालून बसवून पुरतात. म्हणून एक खड्डा आणि त्याच्या भिंतीत बसण्यापुरता कोनाडा.

"दोन पोरींची लग्नं केली, घर बांधलं," ते पुढे ओट्यावर बसून स्वतःच सांगत, "पण इतका जीव कशात गुंतला नव्हता बघा."

रोज सकाळी ते खड्ड्यात उतरून कोनाड्यात मांडी घालून बसायचे आणि खोड काढायचे.

"कुंडलिक, पाठीला टोचतंय रे."

"आप्पा," गवंडी वरून म्हणायचा, "तवा कुटं कळणार हाय तुमास्नी?"

"मला आत्ता कळतंय की. तास."

भिंती घोटून झाल्या, चुना झाला, खाली शहाबादी फरशी आली. निंगव्वांनी एकदाच येऊन पाहिलं. "लग्न होऊन आल्यापासून मी मातीच्या जमिनीवर सैपाक करतीय," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "आन् फरशी हितं."

"अगं, हे वैराग्य हाय."

"व्हय, दिसतंय की. लई गुळगुळीत हाय."

शेजारच्या रानातला बसलिंगप्पा हा त्यांचा लहानपणापासूनचा सोबती. त्यानं काठावर उभं राहून मान डोलावली, तर रेवणप्पा आठवडाभर फुशारकीत होते. विरक्त माणसानं फुशारू नये हे त्यांना ठाऊक होतं. ते ठाऊक असल्याचीही त्यांना थोडी फुशारकी होती.

चैत्रात बसलिंगप्पा सकाळी पूजेला बसला तो उठलाच नाही. दिवस कलल्यावर त्याचा थोरला मुलगा रेवणप्पांच्या दारात आला. "काका, आमच्या रानात खणताना हातभरावर काळा पाषाण लागला. पहारीला ठिणग्या उडत्यात. अंधाराच्या आत व्हायला पाहिजे," एवढं बोलून तो जमिनीकडे बघत राहिला.

रेवणप्पांना त्याचं मागणं कळलं. सोबती गेल्याचं सकाळपासूनचं दुःख बाजूला सारून पहिला विचार पुढे आला तो चुन्याचा. "तुझा बाप अंगानं आडवा," ते म्हणाले. "मावायचा न्हाय त्यात."

"मावतील की," निंगव्वा आतून म्हणाल्या. "देह म्हंजे भाड्याचं घर, असं तुमीच सांगता."

"अगं, पण हे घर माझं हाय."

आपलंच वाक्य त्यांच्या कानांवर आलं. दुकान सोडलं, किल्ल्या सोडल्या, आणि धरून काय बसलो, तर खड्डा! सुतकातल्या पोरासमोर हसणं बरं नव्हे. त्यांनी उपरणं तोंडाला लावून खोकल्याचं सोंग केलं. त्या सोंगातच डोळ्यांना पाणी आलं, ते मात्र खरं होतं.

"चल," ते म्हणाले.

बसलिंगप्पाचे खांदे खरोखरच कोनाड्यात अडले. मुलं त्याला तिरका करून बसवू लागली तसे रेवणप्पा खड्ड्यात उतरले. "थांबा, स्वामी," त्यांनी विधी सांगणाऱ्या जंगमांना अडवलं. "अंग चोरून बसायची सवय न्हाय ह्याला. कुंडलिक, छिन्नी आण. दोन्हीकडनं काढ."

घोटलेल्या भिंतीच्या ढलप्या पडत होत्या आणि ते "आनखी, आनखी" म्हणत मित्राचं डोकं हाताच्या ओंजळीत धरून उभे होते.

माती लोटायला लागल्यावर कुंडलिकनं हळूच विचारलं, "आप्पा, तुमची दुसरी कवा काढायची?"

"माझी पोरं काढतील, न्हाय तर न्हाय काढणार," रेवणप्पा म्हणाले. "तू हिकडं बघ. ह्या कोपऱ्यात पोकळ राहिलीय. दाब नीट." आणि उत्तराची वाट न बघता ते स्वतःच पायानं माती दाबू लागले.