आवक कारकुनाचं प्रतिज्ञापत्र

कारखान्यात त्याला सगळे शिक्केबुवा म्हणत. अठ्ठावीस वर्षं तो आवक टेबलावर बसला. आलेल्या प्रत्येक कागदावर शिक्का, तारीख, वेळ, सही, आणि मगच कागद पुढे. एकदा कुणाच्या लग्नपत्रिकेवरही त्याने ‘मिळाले’ असा शिक्का मारला होता. लोक पोट धरून हसले; ह्यात हसण्यासारखं काय, ते त्याला कळलं नाही.

परदेशातल्या एका कंपनीशी मालकांचं धाग्याच्या मालावरून वाजलं. करारात लिहिलं होतं, तंटा झाला तर तिकडचे लवाद निवाडा करतील. लवादाचे तीन जाड लखोटे आले. शिक्केबुवाने ते सही करून घेतले आणि स्वतः मालकांच्या टेबलावर नेऊन ठेवले. मालकांनी न फोडताच कपाटावर भिरकावले. “तिकडच्या पंचांना इथे कुत्रं तरी विचारतं का!”

निवाडा एकतर्फी झाला आणि तो घेऊन ती कंपनी थेट इथल्या कोर्टात आली. मालकांची पाचावर धारण बसली. वकील म्हणाला, “आपलाच कायदा असे निवाडे मान्य करतो. एकदा मान्य झाला की इथल्या हुकूमनाम्यासारखाच बजावला जातो. चूक कुणाची, हे कोर्ट पुन्हा बघत नाही. नाकारायला कारणं मोजकीच. नोटीसच मिळाली नाही, हे त्यातलं एक.”

मालकांनी शिक्केबुवाला बोलावून घेतलं. “तुझी दोन वर्षं राहिलीत ना? निवृत्तीनंतरही कारखान्याची खोली तुझीच. फक्त शपथेवर लिहून दे, लखोटे तुझ्या खणात राहिले, माझ्यापर्यंत आलेच नाहीत.”

“साहेब, माझ्या हातून कागद राहिला असं कधी झालं नाही हो.”

“पण माझ्यासाठी एवढं करशील.”

डोक्यावरच्या छपरासाठी त्याने सही केली.

न्यायाधीशांना पाव तासही लागला नाही. “कंपनीच्या माणसाने सही करून घेतलं, म्हणजे कंपनीला मिळालं. पुढे कुणाच्या खणात राहिलं, हा तुमच्या घरातला प्रश्न.” महिन्याभरात बेलीफ आला, यंत्रं जप्त झाली आणि दीडशे माणसं रस्त्यावर आली. त्यांत शिक्केबुवाचा मेहुणाही होता.

मग मालकांनी आपल्या दोन भागीदार भावांना बसवून ते प्रतिज्ञापत्र मोठ्याने वाचून दाखवलं. शिक्केबुवा समोरच उभा होता.

“ह्या एका गाढवापायी सगळं गेलं?” थोरले ओरडले.

“जाऊ दे दादा, जुना माणूस आहे,” मालक मायेने म्हणाले. “पोलिसात नको. खोली रिकामी करेल.”

कागद कोर्टासाठी नव्हताच, भावांसाठी होता, हे शिक्केबुवाला तेव्हा उमगलं. खरं बोलावं तर खोट्या शपथेचा गुन्हा. मालकांनी त्याला पुरता कापला होता, आणि सुरी त्यानेच हातात दिली होती.

घरी बायको भांडी बांधत होती. “लोक म्हणतात, कागद तुम्ही दडवलेत. खरं सांगा. मी कुणाला सांगणार नाही.”

तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. खरं कळलं असतं तर संध्याकाळच्या आत ती मालकांच्या दारात जाऊन ओरडली असती, आणि तो तुरुंगात गेला असता.

“हो,” तो म्हणाला. “मीच दडवले.”

तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. “माझ्या भावाच्या पोटावर पाय दिलात तुम्ही.”

तिने बांधलेलं गाठोडं सोडलं, आपली दोन पातळं काढून घेतली आणि भावाकडे निघून गेली.