तपकिरी रंग

पेशींच्या पृष्ठभागावरचं एक एन्झाइम शोधायला आम्ही प्रयोगशाळेत अँटिबॉडी वापरतो. एन्झाइम असेल तिथेच ती चिकटते आणि काचपट्टीवर तपकिरी रंग उमटतो. त्या दिवशी तो उमटलाच नाही.

"अँटिबॉडी दुप्पट घाला," सर म्हणाले.

मी घातली. सगळी काचपट्टी तपकिरी झाली, पेशी नव्हत्या तिथेसुद्धा.

"आला की रंग. फोटो काढा."

"सर, हा रंग खोटा आहे."

"तुम्हाला इथे राहायचंय ना?"

हवं ते दिसेपर्यंत ओतत राहणाऱ्या या माणसाला मी इतकी वर्षं गुरू मानलं, याची मला किळस आली. वहीत 'एन्झाइम आढळलं नाही' असं लिहून मी सही केली आणि वही त्यांच्यासमोर उघडीच ठेवली.